पेटी, डफडे आणि आम्ही

करडीच्या आमच्या विहारात लोखंडी कपाटावर एक जुनी हातपेटी ठेवलेली आहे. तिचा भाता आता हवा धरत नाही, तीन पट्ट्या खाली बसल्या आहेत. मागल्या वर्षी विहाराची रंगरंगोटी निघाली तेव्हा पोरांनी विचारले, "गुरुजी, हे भंगारात कायले नाई देत?" मी देऊ दिली नाही. का दिली नाही, हे त्यांना तेव्हा नीट सांगता आले नाही. ते इथे सांगतो आहे.

आपल्या चळवळीचा इतिहास आपण सभा, ठराव, सत्याग्रह आणि निवडणुका यांच्या तारखांनी मांडतो. ते आवश्यकच आहे. परंतु खेड्यापाड्यांतल्या निरक्षर माणसापर्यंत विचार पोचला तो पुष्कळदा छापील कागदातून नव्हे, तर कानांतून. ज्या वाद्याच्या साथीने तो पोचला त्या वाद्याचा, ते वाजवणाऱ्यांच्या मंडळांचा आणि त्यांच्या गावोगावच्या फेऱ्यांचा इतिहास आपण मांडलेला नाही. मी संगीतज्ञ नाही. करडीच्या भजन मंडळात पोरवयात टाळ धरला, पुढे पेटीवर बसलो आणि प्राथमिक शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालो. एवढ्याच अधिकारावर ही टिपणे करतो आहे.

१

वर्णव्यवस्थेने जशी माणसे वाटली तशी वाद्येही वाटली. ज्या वाद्याला तारा ते देवघराजवळ, ज्याला कातडे ते वेशीजवळ. मेलेल्या जनावराचे कातडे कमावून ताणायचे, ते वाद्य गळ्यात अडकवायचे आणि दुसऱ्याच्या लग्नात, दुसऱ्याच्या मरणात, दुसऱ्याच्या देवापुढे वाजवायचे. आमच्या भागात सनई-डफडे मांग वाजंत्र्यांकडे आणि दवंडीचा डफ गावच्या कोतवालाकडे. मध्य प्रांताच्या मालगुजारीत हा कोतवाल बहुधा महारच असे. माझा आजा कोतवाल होता. डफ वाजवणे ही त्याची कला नव्हती, ते त्याचे काम होते. मालगुजाराचा निरोप आला की जेवते ताट सारून उठायचे, एवढाच त्या तालाचा अर्थ त्याला ठाऊक होता. १९५१ साली मालगुजारी गेली, पण डफाशी चिकटलेला विटाळ कायद्याने जात नसतो.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. देवळात कीर्तन चालू असताना मृदंगाला कातडेच असते. ते कातडे चालते. म्हणजे विटाळ कातड्याचा नव्हता, हाताचा होता. ज्याच्या हाताने कातडे कमावले त्याला बाहेर ठेवून त्याचे कातडे आत घेण्याची सोय व्यवस्थेने केलेली होती. मृदंगावर बसणारा वादक आणि वेशीवर उभा राहणारा वाजंत्री, असा भेद त्यातूनच निघाला.

अशा मुलखात एक वाद्य असे आले की ज्याच्याविषयी कोणत्याही शास्त्रात काही लिहून ठेवलेले नव्हते. ते कोणी वाजवावे आणि कोणी वाजवू नये, हे सांगायला मनू उशिरा पडला. ते वाद्य म्हणजे पेटी.

२

पेटी आली ती चर्चच्या वाटेने. युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये नळ्यांचा ऑर्गन असे. तो भिंतीएवढा, इमारतीचाच भाग झालेला. गरीब वस्तीच्या चर्चला तो परवडत नसे. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये आलेक्सांद्र दबँ याने नळ्यांच्या जागी पितळी जिभा बसवून हार्मोनियम या नावाचे वाद्य तयार केले. मोकळ्या जिभेतून सूर काढण्याचे तत्त्व मूळचे पूर्वेकडचेच. चीन आणि लाओसकडे ते फार जुने आहे. पायाने भाता मारायचा, दोन्ही हातांनी वाजवायचे. लहान चर्चना, शाळांना आणि मिशनऱ्यांना हे वाद्य सोयीचे झाले.

परंतु ज्या मिशनने आमच्या विदर्भात पाय रोवले, त्या मिशनच्या मायदेशी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला बंदी होती! स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. हे चर्च १८४३ साली फुटून निघालेले. उपासनेत माणसाच्या गळ्याखेरीज दुसरे वाद्य नको, अशी स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोकांची जुनी धारणा. ऑर्गनला ते उपहासाने 'शिट्ट्यांची पेटी' म्हणत. १८६३ साली एडिंबरोच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये हार्मोनियम आणले गेले, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. फ्री चर्चने वाद्याला परवानगी दिली ती १८८३ साली. त्याच वर्षी नागपुरात हिस्लॉप कॉलेज सुरू झाले. पुढे १९०० साली हे चर्च युनायटेड फ्री चर्चमध्ये विलीन झाले. भंडाऱ्याला मिशनचे ठाणे होते ते याच चर्चचे.

देवापुढे काय वाजावे यावर गोरे लोकसुद्धा भांडले, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. फरक एवढाच की त्यांचे भांडण वाद्याविषयी होते, वाजवणाराच्या जन्माविषयी नव्हते.

भारतभर मिशनऱ्यांची एक रीत होती. पावसाळा सरला, वाटा सुकल्या की तंबू, पुस्तके आणि घडीचा लहान ऑर्गन बैलबंडीत घालून ते हिवाळी दौऱ्यावर निघत. गावाबाहेर मुक्काम टाकत. ऑर्गन वाजू लागला की लोक जमत. ज्यांना गावात कोणी जवळ उभे करत नसे तेही जमत, कारण तंबू बहुधा गावाबाहेर, म्हणजे आमच्याच बाजूला पडे.

इंग्लंड-अमेरिकेत चर्चच्या ऑर्गनवादकांनी पुढे आपल्या संस्था काढल्या. लंडनमध्ये १८६४ साली ऑर्गनवादकांचे कॉलेज निघाले, न्यूयॉर्कला १८९६ साली अमेरिकन गिल्ड स्थापन झाले. गावोगावी त्यांची लहान मंडळेही आहेत. वर्षातून काही वेळा ही मंडळी एकत्र सहलीला निघतात, दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जातात, तिथला ऑर्गन पाहतात, पाळीपाळीने वाजवतात, चहा-फराळ करून परत येतात. हे मी प्रथम वाचले तेव्हा मला हसू आले. करडीचे आमचे मंडळ याहून वेगळे काय करत होते? फरक होता तो सहलीच्या कारणात. ते वाद्य पाहायला जात. आम्ही माणसे जोडायला जात होतो.

३

महाराष्ट्रात चर्चचा सूर मराठी झाला तो अहमदनगरकडे. तिथल्या ख्रिस्ती समाजात बहुसंख्य माणसे महार-मांग वस्त्यांतून आलेली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आधीही तिथे ख्रिस्ती कीर्तने होत. टिळकांनी भजन-कीर्तनाला उपासनेत मानाची जागा मिळवून दिली. या टिळकांचा आमच्या जिल्ह्याशी एक संबंध आहे. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि दोन वर्षांनी, १८९५ साली, ते ख्रिस्ती झाले. नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग आमच्या भंडारा रोडवरून, तुमसरवरून, गोंदियावरून जातो. ब्राह्मण कवीच्या आयुष्याला वळण देणारी ती गाडी आमच्या धानाच्या बांध्यांतून गेली होती.

चर्चमध्ये जात संपली असे मी म्हणणार नाही. गोव्यात मिशनऱ्यांनी सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांत पोरांना पाश्चात्त्य संगीत शिकवले, पण तिथल्या कोंफ्रारियांत जातीचा मान-अपमान धर्मांतरानंतरही शिल्लक राहिला. तरी अहमदनगरकडे जे घडले त्याचे मोल कमी होत नाही. ज्याच्या बापाने देवळाबाहेर डफडे वाजवले, तो मुलगा उपासनेच्या घरात बसून पेटी वाजवू लागला. बाहेरून आत येण्याची ही वाट आपल्याकडच्या कोणत्याही संताला अखेरपर्यंत खुली करता आली नव्हती. चोखोबाची समाधी आजही पायरीशीच आहे.

पायाने वाजवायची पेटी खुर्चीवर बसूनच वाजवता येते. मांडी घालून बसणाऱ्यांसाठी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात हाताने भाता मारायची पेटी प्रचारात आणली. ती डोक्यावर घेऊन चालता येते. मराठी संगीत नाटकांनी पायपेटी आणि ऑर्गन दोन्ही उचलले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांत रंगमंचापुढे ऑर्गन आणि तबला अजूनही मांडतात. दिवाळीनंतर मंडई भरू लागते, धान घरात येते आणि रात्ररात्र नाटके चालतात. वडशाच्या कंपन्यांचा हंगाम होळीपर्यंत असतो. चर्चचा ऑर्गन असा फिरत फिरत धान कापलेल्या बांधीत येऊन बसला.

इकडे पेटी खेड्यात रुजत होती आणि तिकडे विद्वान तिच्यावर बहिष्कार घालत होते. १९४० साली आकाशवाणीने पेटी बंद केली. ती बंदी उठायला १९७१ साल उजाडले, तीही एकदम पूर्ण उठली नाही. आक्षेप असा की पेटीला मींड नाही, तिच्यावर श्रुती निघत नाहीत, ती परकी आहे. पहिले दोन आक्षेप खरे आहेत. पेटीचे सूर ठोकून ठेवलेले असतात, दोन सुरांमधली जागा तिला दाखवता येत नाही. पण तिसऱ्या आक्षेपाविषयी आमचे म्हणणे वेगळे आहे. जे आपले म्हणून सांगितले जात होते, त्यात आम्हाला जागा नव्हती. पेटी परकी होती म्हणूनच ती आमची होऊ शकली. शिवाय तिचे सूर आधीच जुळवलेले. पिढ्यान्‌पिढ्या गुरूच्या घरी राहून स्वर कमावण्याची सोय ज्यांना नव्हती, त्यांना पट्टी दाबली की षड्ज मिळत होता.

४

पेटी घेऊन गावोगावी विचार सांगत फिरण्याची रीत एकट्या मिशनऱ्यांची राहिली नाही. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे सत्यशोधकांचे जलसे निघाले. त्याच वाटेने आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी गण-गवळणीचा साचा मोडून त्यात बाबासाहेबांचा विचार भरत होते. आमच्या नागपूरकडे किसन फागोजी बनसोड्यांनी शाळा, वृत्तपत्र आणि कविता या तिन्ही मार्गांनी जागृती केली.

करडीला यातले काय कधी पोचले, हे मी म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले ते असे. १९५४ साली भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उभे राहिले. ते हरले. पण त्या निवडणुकीत आमच्या मोहल्ल्यातले लोक पहिल्यांदा टाळ-पेटी घेऊन दुसऱ्या गावच्या मोहल्ल्यात गेले. तोपर्यंत भजन आपल्याच ओट्यावर होत असे आणि ते विठोबाचे असे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षा झाली, आणि विठोबाची गाणी एका रात्रीत थांबली. चाली त्याच राहिल्या, त्यांत बुद्ध आणि भीम आले.

मी मंडळात गेलो ते १९६०नंतर. मंडळाला घटना नव्हती, पावतीपुस्तक नव्हते. धान निघाले की प्रत्येक घरून पायलीभर धान यायचे, ते विकून कंदिलाचे रॉकेल आणि टाळांच्या दोऱ्या. पेटी चादरीत गुंडाळून पाळीपाळीने डोक्यावर घ्यायची. पालोऱ्याकडे, मुंढरीकडे पायी जायचे. मोहाडीला जायचे तर वैनगंगा आडवी. डोंग्यात पेटी मधोमध ठेवून भोवती आम्ही बसत असू. माणूस ओला झाला तरी चालेल, भाता ओला होता कामा नये. ज्या गावी जायचे तिथे आधी निरोप जाई. रात्री जेवण, मग गाणी, आणि गाण्यांच्या मधे कोणीतरी उठून बोले. पोरांना शाळेत घाला, मेलेले ढोर ओढू नका, लग्नात कर्ज काढू नका. पहाटे पुन्हा पायी परत. अशोक विजयादशमीला मंडळ वरठीच्या स्टेशनावरून नागपूरला जाई आणि दीक्षाभूमीच्या मैदानात कुठल्याशा अनोळखी गावच्या मंडळाशेजारी बसून गाई. त्यांची चाल आम्ही उचलत असू, आमची ते उचलत. मास्तरकीच्या परीक्षेत मी जे शिकलो त्याहून अधिक या फेऱ्यांत शिकलो, असे म्हटले तर खोटे नाही.

५

आता जे सांगायचे आहे ते सांगतो. एका पावसाळ्यात उंदरांनी पेटीचा भाता कुरतडला. अशोक विजयादशमी तोंडावर आलेली. भंडाऱ्याच्या दुरुस्तीवाल्याने महिनाभराचा वायदा केला. तेव्हा कोणीतरी सुचवले की मांग मोहल्ल्यातला म्हातारा वाजंत्री कातड्याचे काम जाणतो, त्याला बोलवा.

तो आला. अंगणात बसला. त्याने पेटी उघडली तेव्हा मी पहिल्यांदा तिचे पोट पाहिले. भात्याच्या घड्यांच्या प्रत्येक सांध्यावर कातडे होते. प्रत्येक पट्टीच्या दुसऱ्या टोकाखाली हवा रोखणारी झडप, आणि त्या झडपेवर मऊ कातड्याचा तुकडा. बाहेरून लाकूड, हस्तिदंती रंगाच्या पट्ट्या, पितळी कड्या. आत सगळीकडे कातडे. कातड्याशिवाय या वाद्यातून एक सूर निघाला नसता. म्हातारा हसून म्हणाला, "तुमी आमचा डफडा सोडला म्हंता, मंग हे का आहे?"

त्याने पातळ कातडे भिजवून, घासून, सरसाने ठिगळ बसवले. दोन दिवस वाळू दिले. पेटी आधीपेक्षा बरी वाजू लागली. त्याने मजुरी सांगितली नाही. म्हणाला, "एक डाव मले वाजवू द्या. सनईची एक चाल हाये, ते इच्यावर कशी निंगते पाहू द्या."

मंडळातल्या मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिले. कोणी नाही म्हटले नाही. "आता उशीर झाला, बाबा, मंग पाहू," असे म्हणाले. त्याला अंगणातच चहा दिला. कपबशी वेगळी होती. त्या कपबशीने आम्ही पीत नसू, हे मला ठाऊक होते, आणि त्यालाही ठाऊक होते. ही गोष्ट १९५६नंतरची आहे. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरासमोरची आहे. मी तिथे उभा होतो आणि मीही बोललो नाही.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वरच्याविषयी चीड आणि खालच्याविषयी तुच्छता अशी प्रत्येक पायरी या व्यवस्थेला धरून ठेवते, म्हणून ती मोडणे कठीण. हे मी पुढे वाचले. पण त्याचा अर्थ मला त्या अंगणातच कळला होता. पेटीला जात नव्हती. पेटीवाल्यांना होती.

आम्ही डफ सोडला हे बरोबरच केले. जे वाद्य हुकमाने वाजवावे लागते ते वाद्य नसते, ती वेठ असते. पण डफ सोडताना डफडे वाजवणाऱ्या माणसालाही आम्ही सोडले. त्याच्या हातात दुसरे काही दिले नाही. त्याला आमच्या फेरीत घेतले नाही. उलट त्याने अजून डफडे सोडले नाही म्हणून आम्ही त्याला मागासलेला ठरवले. मोहल्ला सोडून मोहल्ल्यात जाणारे आमचे मंडळ वैनगंगा ओलांडत होते. गावातल्या गावात मांग मोहल्ल्यात मात्र ते एकदाही गेले नाही.

आणि त्याच काळात मांग समाजातला एक शाहीर उभ्या महाराष्ट्राला जागे करत होता. अण्णाभाऊ साठ्यांनी १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांनी पिढीजात वाद्य टाकले नाही, त्याचा हुकूम टाकला. तमिळनाडूतही दलित कलावंतांनी परई हे अपमानाचे ठरवलेले वाद्य स्वतःच्या इच्छेने, अभिमानाने पुन्हा हाती घेतले आहे. याचा अर्थ सर्वांनी डफडे वाजवावे असा नाही. काय वाजवायचे हे ज्याचे त्याला ठरवता आले पाहिजे, एवढाच आहे. ती निवड आम्हाला पेटीने दिली. ती पुढे देणे आमचे काम होते आणि आम्ही ते केले नाही.

६

तो म्हातारा आता नाही. मंडळही उरले नाही. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत भाड्याचा डीजे येतो. त्यावर बोलण्यासाठी मी हा लेख लिहिलेला नाही. प्रत्येक पिढी आपले वाद्य निवडते. पण डीजेच्या पुढे नाचणाऱ्या पोरांनी एकदा कपाटावरची पेटी उतरवून तिचा भाता पाहावा, असे मला वाटते. भात्याला इतर ठिकाणी चिरा पडल्या आहेत. म्हाताऱ्याचे ठिगळ जागेवर आहे.

विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, कोकणातल्या प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे मंडळ होऊन गेले असेल. त्यांचे अध्यक्ष, गायक, पेटीवाले यांची नावे अजून आठवणारी माणसे आहेत. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी ती लिहून घ्यावीत. कोणत्या गावाहून कोणत्या गावी गेले, कोणत्या चालीवर कोणता विचार सांगितला, पैसा कसा उभा केला, हे सारे लिहावे. आणि हे लिहिताना आणखी एक प्रश्न न विसरता विचारावा: मंडळ कोणत्या मोहल्ल्यात गेले नाही? त्याचे उत्तर देणे अवघड जाईल. मलाही गेले. पण आपला इतिहास आपणच लिहायचा तर त्याची सुरुवात आपल्याच अंगणापासून केली पाहिजे.

पेटी दुरुस्त करायला मी नागपूरला पाठवणार आहे. भाता नवा बसवावा लागेल. ते ठिगळ मात्र काढून मला परत द्यावे, असे कारागिराला सांगणार आहे. आणि पेटी परत आली की ती प्रथम मांग मोहल्ल्यात न्यायची, असे मी ठरवले आहे. तिथल्या पोरांना वाजवायचे असेल तर शिकवीन. सनईची ती चाल त्यांच्यापैकी कोणाला येत असेल तर मला शिकायची आहे.